खास आकर्षण : कुमारी पुनम

राजुरा
३ नोव्हेंबर २०२५

पुनम,

तुझा फोन आठवडाभर बंद लागतोय. विहिरीत फोन पडला की तूच पडलीस? चंद्रपूरच्या होस्टेलात तू मला न सांगता माझं तेल संपवायचीस, पण न सांगता गायब कधी झाली नव्हतीस. शेवटी कागद-पेन घेऊन बसले. अम्मी म्हणते, अक्षर बघून पोस्टमनच पाकीट परत आणून देईल.

तर बातमी ऐक. आपली स्पर्धा ठरली. अठरा जानेवारी, रविवार, तुझ्याच बोरटोल्याला, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते त्या मैदानावर. राजुरा, कोरपना, सावली आणि वैनगंगेपलीकडून गडचिरोलीकडचे मिळून सोळा संघ, एकेका संघात चौघं. विमानातून बेटावर उतरायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं, हा खेळ मोबाइलवर घरोघरी चालतो. पण मंडपात, गावासमोर, मोठ्या एलईडी पडद्यावर तो आपल्या भागात अजून कोणी खेळवलेला मी तरी ऐकला नाही. आणि माईकवर तू. होस्टेलच्या गॅलरीत आम्ही खेळायचो आणि तू मागे उभी राहून जे बोलायचीस, तेच आता भोंग्यावर.

प्रचाराला सुरुवात झालीसुद्धा. अब्बांचा धंदा मंडप आणि साऊंडचा, तेव्हा प्रचार कसा करायचा हे मला कोणी शिकवायला नको. झाडीपट्टीत नाटकाचा होतो तस्साच केला. रंगीत पोस्टर, मधोमध मुख्य कलाकाराचा फोटो, म्हणजे तुझा, गॅदरिंगमधला, हिरव्या साडीतला. मंडईच्या दिवशी तुमच्याकडे घरोघरी पाहुणे असतात, म्हणून नेमका तोच दिवस धरला आणि आमच्या मुबीनला भोंगा लावलेला ऑटो घेऊन पाठवला. मुबीन म्हणजे माझा चुलतभाऊ, ज्याला तू एकदा घोडा म्हणाली होतीस. तो सांगतो, अर्धं गाव ऑटोमागे चालत होतं.

तुला विचारलं नाही, कारण चकित करायचं होतं. झालीस ना? मग फोन चालू कर आणि दोन शिव्या दे.

मदीहा

*

बोरटोला, ता. सावली
११ नोव्हेंबर

मदीहा,

झाले. चांगलीच चकित झाले.

मंडईच्या दिवशी आमच्याकडे मूल गावाहून पाहुणे आले होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. मला बघायला. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू हसली असतीस. मंडईत नाहीतरी सगळे सोयरे गोळा होतात, त्यातच मुली दाखवून घेतात, एका खर्चात दोन कामं. पोहे देऊन झाले होते, आत चहा उकळत होता आणि आमच्या दारासमोर तुझा मुबीन येऊन थांबला. त्याला नाटकाचं बोलणं तोंडपाठ. त्याने नुसतं नाव बदललं असणार. "खास आकर्षण! देखणी, ठसकेबाज कुमारी पुनम, प्रत्यक्ष रंगमंचावर! मायबहिणींसाठी बसण्याची वेगळी सोय!" आणि ऑटोच्या दोन्ही बाजूंना हिरव्या साडीतली मी.

मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. बाबांना म्हणाली, "पोरगी नाटकात काम करते हे काऊन नाई सांगतलं, भाऊ?"

 तू बाबांना ओळखतेस. पंचवीस वर्षं शंकरपटाच्या माईकवर बोललेला माणूस, बैलजोडी सुटली की शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा दिसत नसलेली शर्यत नुसत्या शब्दांनी दाखवणारा, आणि त्या दिवशी घशातून आवाज फुटेना. मी मध्ये पडले. नाटक नाही, मोबाइलचा खेळ आहे, मी फक्त काय चाललंय ते सांगणार आहे. त्यावर मुलाचे वडील म्हणाले, मोबाइलचा खेळ म्हणजे मग जुगारच की. चहा न पिता गेले.

फोन बाबांनी माझ्या भावाच्या, अजयच्या हवाली केला. तो चंद्रपूरला नोकरीवर घेऊन गेला. मुलगा गेला त्याचं मला काडीचं दुःख नाही, तो चार प्रश्नांत तीनदा मला पगाराची नोकरी कधी लागेल ते विचारत होता. पण आता पोट्टे मला बघून खास आकर्षण म्हणून ओरडतात, आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

तुझं पत्र बाबा शेतावर होते म्हणून हाती लागलं. पुढचं घरी पाठवू नकोस. अंगणवाडीच्या पत्त्यावर लिही, सोमारीबाई तिथे सेविका आहे, ती गुपचूप देईल.

पुनम

*

राजुरा
१९ नोव्हेंबर

पुनम,

तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. मुबीनला मी अंगणात उभं करून झापलं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, मला दुसरं काही बोलताच येत नाही. खरंच आहे. त्याला लिहून मीच द्यायला हवं होतं आणि त्याच्याही आधी तुला विचारायला हवं होतं. घाई मला झाली आणि निस्तरायला तू. माफ कर म्हणायलाही लाज वाटते, तरी म्हणते.

आता मी हे निस्तरलं आहे. पोस्टर सगळी उतरवायला सांगितली. नव्या पोस्टरवर तुझा फोटो नाही, नावही नाही. माईकवर नागपूरचा कुलदीप म्हणून एक मुलगा येईल, त्याला या कामाचा सराव आहे. चंद्रपूरच्या ज्या मोबाइल दुकानदाराने पडद्याचा खर्च उचललाय, त्याचं आधीपासून हेच म्हणणं होतं. मी ते तुझ्यापासून लपवलं होतं, कारण मला तूच हवी होतीस. जागाही बदलते, राजुऱ्यालाच घेते. गावात पुन्हा विषय निघायला नको. तुझे बाबाही हळूहळू शांत होतील. अब्बा म्हणतात, गुणवंतरावचा राग म्हणजे पटातला धुरळा, जोडी गेली की बसतो. त्यांचं वीस वर्षांचं जमतं आहे, पटावर साऊंड यांचा आणि आवाज त्यांचा. अब्बा येऊन त्यांची समजूत घालायलाही तयार आहेत.

तू काही करू नकोस. शांत राहा. एवढं एक मला नीट करू दे.

मदीहा

*

बोरटोला
२६ नोव्हेंबर

मदीहा,

तुझ्या पत्राने मला त्या ऑटोपेक्षा जास्त राग आला.

मी कधी म्हटलं, नाव काढ? मला राग आला तो न विचारता लावलंस म्हणून, देखणी आणि ठसकेबाज म्हणून लावलंस म्हणून. मी काय बोलते, कसं बोलते, त्याचा एक शब्द नाही आणि साडीचा रंग मात्र गावभर. पण आता एकदा भिंतीवर चढलेलं नाव तू खरवडून काढलंस, तर गाव काय म्हणेल? काहीतरी होतं म्हणूनच काढलं. त्या आत्याबाईचंच खरं ठरेल. जन्मभर मी ती पोरगी राहीन जिचं पोस्टर लागलं होतं आणि मग गुपचूप उतरवलं होतं.

आणि कुलदीप! नागपूरच्या त्या पोट्ट्याला आमच्या लोकांची भाषा येते का? तो इंग्रजी-हिंदी बडबडेल, आमच्या बाया पदर तोंडाला लावून हसतील आणि भात टाकायला घरी जातील. मी बोलले तर त्या बसतील. मला हे माहीत आहे, कारण मी लहानपणापासून बाबांसोबत पटावर जात होते. ते श्वास कुठे घेतात, आवाज कुठे चढवतात, हरणाऱ्या जोडीच्या मालकाची लाज कशी राखतात, सगळं मी त्यांच्याच बाजूला बसून ऐकलं. मला शेतीतलं बेताचं येतं, स्वयंपाक त्याहून बेताचा. हे एक मला चांगलं येतं. तेच तू माझ्याकडून काढून कुलदीपला देतेस आणि वर म्हणतेस शांत राहा.

आणखी एक गंमत सांगू? मंडईला नाटक होतं तेव्हा वडशाहून नट्या येतात. माईकवर गातात, बोलतात, सगळं गाव टाळ्या वाजवतं, बाबाही. बाईचा आवाज भोंग्यावर चालतो यांना. फक्त ती बाई आपल्या घरची नको.

स्पर्धा बोरटोल्यालाच होईल. माझं नाव राहील. फोटो काढून टाक, त्याजागी लिही : समालोचन, पुनम गुणवंतराव भोयर, बोरटोला. पूर्ण नाव, गावासकट. माझं कोण काय करतं ते बघते मी.

पुनम

*

राजुरा
१० डिसेंबर

पुनम,

तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. ती स्वभावाने भित्री. मला वाटलं म्हणेल, दुसऱ्याच्या पोरीच्या भानगडीत पडू नको. तर म्हणाली, पोस्टरवर अक्षरं जाड घाल.

घातली. कुलदीपला येऊ नको म्हणून कळवलं. दुकानदार तोंड वाकडं करून म्हणाला, पडदा देतो पण माझं नाव छोटं टाक. टाकलं. पोलीस ठाण्याला अर्ज दिला, त्यात लिहिलं की प्रवेश फी नाही, पैज नाही, बक्षीस म्हणून चषक आणि हेडफोन. साहेबांनी विचारलं, यात बंदूक असते का? म्हटलं असते, पण मोबाइलमध्ये. परवानगी मिळाली.

अडलंय ते तुमच्या गावात. काल अब्बा आणि मी मंडईच्या समितीकडे गेलो होतो. चौघं-पाचजण बसले होते. म्हणाले, मैदान देवाचं आणि बैलांचं, तिथं जुगार नाही चालणार. मी अर्ज दाखवला, पैज नाही म्हणून. एकजण म्हणाला, "आज नाई, उद्या लावन." मग माझी जीभ सुटली. म्हटलं, काका, शंकरपटाला धुऱ्याच्या बांधावर कोण कोणाच्या जोडीवर काय लावतं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, तिथं मैदान बाटत नाही का? अब्बांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. तुझे बाबा तिथेच होते.  अब्बांकडे बघितलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर अब्बा गाडीत एवढंच म्हणाले, वीस साल में पहली बार उसने चाय नहीं पूछी.

मैदान नाही. शाळेचं पटांगण मागितलं, तेही नाही. गावाबाहेर घेतली तर तुझं म्हणणं हरलं. अब्बा म्हणतात आता पुरे. मी नाही म्हणाले, पण खरं सांगते, मंडप टाकायला जमीन लागते आणि माझ्याकडे ती नाही. काही सुचलं तर लिही, नाही सुचलं तरी लिही.

मदीहा

*

बोरटोला
१८ डिसेंबर

मदीहा,

जमीन मिळाली.

तुझं पत्र मी चुलीपाशी वाचत होते. आईने विचारलं, कोणाचं? खोटं बोलायचा कंटाळा आला होता, म्हणून सगळं वाचून दाखवलं. तू आईला, आमच्या आशाबाईला, पाहिलं आहेस, आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारी ती. ऐकलं आणि भाकरी उलटवली. मला वाटलं झालं, विषय संपला.

जेवताना बाबांना म्हणाली, "अंगणवाडीजवळची बांधी जानेवारीत मोकळी हाय. पोरीच्या कार्यक्रमाले देतो मी."

बाबांनी ताट सरकवलं. कोणाला विचारून, म्हणाले. आई म्हणाली, "विचाराचं काय हाय त्यात? ते माह्या बापानं मले देल्ली हाय. तुमाले नाई."

माझ्या जन्मात आईने ती जमीन आपली म्हटलेली मी ऐकली नव्हती. धान तिथलं पिकायचं आणि बाबांच्या नावाने विकलं जायचं, एवढंच. बाबा उठून गेले. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि मला विचारलं, तुम्हाला माती सपाट लागेल की चालेल अशीच?

धान कापून झालंय, धसकटं तेवढी काढावी लागतील. आम्ही दोघी आणि सोमारीबाई सुरुवात करतो आहोत. इंटरनेटची तार अंगणवाडीपर्यंत आलेली आहे. तिथल्या खोलीत तू तुझी यंत्रं मांड, पडदा बांधीत उभा कर. पोस्टरवर जागा बदलून घे. आशाबाई भोयर यांची बांधी, असंच छाप.

पुनम

*

राजुरा
२० जानेवारी २०२६

पुनम,

परवापासून तुला फोन लावावा म्हणते, तर तुझ्या आईच्या फोनवर तुझा नुसता घरघर आवाज येतो आणि फोन बंद होतो. घसा बसलाय ना? गरम पाण्यात मीठ घाल. तोवर हेच बरं.

अगं, झाली! अजून विश्वास बसत नाही. सोळाच्या सोळा संघ आले. कोरपन्याच्या मुलींचा संघ अंतिम सामन्यात जाईल असं मला वाटलंही नव्हतं. आणि गर्दी! अंगणवाडीच्या खिडकीतून मला मंडपाचं फक्त मागचं टोक दिसायचं, पण सकाळी रिकामं असलेलं ते टोक दुपारी बांधावर बसलेल्या बायांनी भरलं होतं. तू सकाळी सुरुवात केलीस, "आता कोरपन्याच्या पोट्टीनं घराच्या मागच्या दारानं एन्ट्री मारली, पाहुण्यांले पत्ता नाई", तेव्हा मी खोलीत एकटी हसत होते. कुलदीपच्या बापालाही जमलं नसतं.

पण एक विचारायचं आहे. अंतिम सामन्यात, शेवटचे तीन संघ उरले असताना, भोंगा एकदम गेला. मी खोलीतून उठू शकत नव्हते. कोणाचा खेळ पडद्यावर दाखवायचा ते माझ्या हातात, उठले तर पडदा अडकला असता. मी नुसती कान देऊन बसले. मला वाटलं आता लोक उठतील, ओरडतील. तर बाहेर सगळं चिडीचूप, माझ्या यंत्रांच्या घरघरीपलीकडे काहीच ऐकू येईना. मग शेवटी एकदम जो गलका झाला तो झालाच. मी बाहेर आले तेव्हा कोरपन्याच्या मुली नाचत होत्या, तू बायांच्या घोळक्यात होतीस आणि सामान भरायची घाई. अब्बांना विचारलं, तर म्हणाले वायर सैल झाली होती.  त्यांच्या कामात वायर सैल? मी त्यांच्यावर चिडलेच आहे. ऐन वेळी तुझा आवाज गेला. सॉरी गं.

मदीहा

*

बोरटोला
२७ जानेवारी

मदीहा,

नईमचाचांवर चिडू नकोस. वायर सैल झाली नव्हती. त्यांनी तुला सांगितलं नाही, म्हणजे त्यांना सांगायचं नसेल, पण मला गप्प बसवत नाही.

शेवटचे तीन संघ उरले तेव्हा बाबा आले. सकाळपासून घरी होते. मंडपाच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या मधून चालत सरळ मंचावर. हात पुढे केला आणि म्हणाले, "माईक दे." मी म्हटलं, बाबा, सामना संपला की देते. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, काढून घेतला, मी लहान असताना हातातली कात्री काढून घ्यायचे तसा. मग लोकांकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला, तो श्वास मी ओळखते, आणि बोलले, "कार्यक्रम इथीच थांबते. आपापल्या घरी जा."

कोणालाच ऐकू गेलं नाही. भोंगा बंद होता.

बाबांनी माईकवर टिचकी मारली. मग साऊंडच्या टेबलाकडे पाहिलं. नईमचाचा तिथे उभे होते, हात बटनावर. वीस वर्षं ज्या माणसाने बाबांचा आवाज मोठा केला, त्याने तो बंद केला होता. बाबा म्हणाले, "नईम, चालू कर." चाचांनी मान हलवली. नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मदीहा, पण हात काही हलला नाही. दुसरा माईक तुझ्या खोलीत होता, म्हणजे मलाही काही नाही.

पडद्यावर खेळ तर चाललेलाच होता. कोरपन्याची एकच मुलगी उरली होती, समोर दोन पूर्ण संघ. मला वाटलं, आता गप्प राहिले तर मी गेलेच. म्हणून मंचाच्या कडेला आले आणि नुसत्या घशाने सुरू केलं. पहिलं वाक्य पुढच्या रांगेपर्यंतच पोहोचलं. मग मागून कोणी बाई म्हणाली, "चूप बसा वं, पोरगी सांगून राह्यली." आणि लोक गप्प झाले. गावातली माणसं, समितीतले दोघं, मला चिडवणारे पोट्टे, सगळे. तू खोलीत ऐकलीस ती शांतता हीच. ते उठून गेले नव्हते, माझा आवाज पोहोचावा म्हणून श्वास रोखून बसले होते. मी ओरडत होते, बोंबलत होते म्हण हवं तर. ती मुलगी झाडाआडून निघाली, तिने पहिला संघ उडवला, दुसऱ्यातले दोघं, मग उरलेले, आणि प्रत्येक शब्द मी बांधावरच्या शेवटच्या बाईपर्यंत नेला. बाबा माझ्या बाजूलाच उभे होते. मुका माईक हातात घेऊन, शेवटपर्यंत. संपल्यावर त्यांनी तो खाली ठेवला आणि आल्या वाटेने गेले.

तेव्हापासून घरात दोन्ही आवाज बंद. माझा घसा अजून सुटलेला नाही आणि ते रागाने बोलत नाहीत. मी त्यांची माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. त्यांनी भरल्या मंडपात माझ्या हातातून माईक घेतला, ते मला आयुष्यभर लागेल. पण त्यांनाही नईमचाचांचं लागलं असणार, हे कळतं मला. रात्री ओसरीवर एकटेच बसतात, तेव्हा वाईट वाटतं आणि तरी मी उठून जात नाही.

काल व्याहाडकडचे लोक आले होते. फेब्रुवारीत त्यांच्याकडे पट आहे, दरवर्षी बाबाच बोलतात. आईने पाणी दिलं. त्यांनी तारीख सांगितली. बाबांनी अंगणाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मले नाई. तिले विचारा."

रागाने म्हणाले, हरून म्हणाले की आणखी कसं, मला कळलं नाही. चेहरा वळवलेला होता. ते लोक गोंधळून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. पटाच्या माईकवर बाई आजवर कोणी पाहिलेली नाही. एकजण म्हणाला, "बाई, जमन का तुले?"

घशातून अक्षर फुटत नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून मान हलवली, हो.

पुनम